तीस माणसांची गर्दी

ग्रंथालयातल्या तीन नंबरच्या संगणकाने तिला माणूस मानायला नकार दिला, तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. खरं तर तो संगणक तिचा नव्हताच. ती आपली रोजच्यासारखी जेवणाच्या सुट्टीत खिडकीजवळच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. वाचत होती म्हणण्यापेक्षा कुणी बोलत नसल्याचं सुख घेत होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठून आली. रस्त्यापलीकडच्या बेकरीत काम करणारी. ॲप्रन काढून हातावर टाकलेला, पण कोपराशी पिठाची एक पांढरी रेघ राहिलेली. "अहो, जरा बघता का? मला पुढे जाऊच देत नाही हे." पडद्यावर नगरपालिकेच्या घरांची साइट उघडलेली होती. भाड्याची सातशे घरं, उद्या सकाळी दहाला अर्ज, जो आधी भरेल त्याला. तोवर फक्त नावनोंदणी. ती खुर्चीत बसली, 'मी यंत्र नाही' या चौकटीत तिने खूण केली. मग नऊ चित्रं आली, त्यातले पूल ओळखायचे होते. तिने ओळखले. मग धुराडी आली. तीही ओळखली. एका चित्रात धुराड्याची नुसती सावली होती. सावलीला धुराडं म्हणायचं की नाही यावर ती क्षणभर अडली, आणि धुराडं म्हणायचं नाही असं ठरवून पुढे गेली. पडद्यावर करड्या अक्षरांत ओळ उमटली : आपल्या ठिकाणाहून संशयास्पद प्रमाणात विनंत्या येत आहेत. कृपया काही वेळाने प्रयत्न करा. "माझंच काहीतरी चुकलं असणार," बेकरीतली बाई म्हणाली आणि आपली बोटं ॲप्रनला पुसू लागली. "पीठ असतं हो बोटांना."

बोटं पुसणाऱ्या त्या हातांकडे ती बघत राहिली. बंद दारापुढे उभा राहिलेला माणूस आधी स्वतःचे कपडे बघतो, दाराकडे नंतर बघतो, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं. पण हे दार तिच्या ओळखीचं होतं. गेले तीन आठवडे ती याच साइटवर चाचणीसाठी खोटी गर्दी सोडत होती. साइट टिकते, असं सांगणारा अहवाल तिच्या टेबलावर छापून तयार पडला होता, आणि पाच वाजायच्या आत त्याच्या शेवटच्या पानावर तिची सही व्हायची होती. ग्रंथपाल आपल्या जागेवरून म्हणाले, "सोमवारपासून रोज दुपारी हेच चाललंय. वीसएक जण एकदम बसले की रुसतं. तासाभराने आपोआप उघडतं." ते तक्रार करत नव्हते, नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तसं सांगत होते. तिने खोलीभर नजर फिरवली. सात संगणक. भिंतीला टेकून, फोन डोळ्यांजवळ धरून बसलेली पंधरा-सोळा माणसं. एक म्हातारे गृहस्थ वहीत पासवर्ड लिहून त्याच्याखाली रेघ मारत होते. ही सगळी माणसं ग्रंथालयाच्या एकाच जोडणीवरून बाहेर पडत होती. बाहेरच्या जगाच्या लेखी या खोलीतली बावीस-तेवीस माणसं म्हणजे एकच आयपी ॲड्रेस, एकच पत्ता. एका पत्त्यावरून बावीस जण दार ठोठावतात म्हणजे नक्कीच कुणीतरी हल्ला करतंय, असा साधा हिशेब साइटची राखण करणाऱ्या प्रोग्रॅमने, तिच्या दारवानाने केला होता. "उद्या दहाला तर होईल ना?" बेकरीतल्या बाईने विचारलं. "आम्ही वसतिगृहात अठ्ठावीसजणी आहोत. तिथलं नेट नीट चालत नाही म्हणून सगळ्या इथेच येणार." तिच्या तोंडून "बघते" एवढंच निघालं. उद्या दहा वाजून दहा मिनिटांनी सातशे घरं संपलेली असतील, आणि हे दार अकराला उघडेल. तरीही कुठेही काही बिघडलेलं दिसणार नाही. साइट डौलात चालू राहील, आलेख हिरवा राहील, कारण जे आत येऊच शकले नाहीत त्यांची रेघ कुठल्याच आलेखावर नसते.

रस्ता ओलांडून ती ऑफिसकडे निघाली तेव्हा पुस्तक टेबलावरच राहिल्याचं तिच्या लक्षात आलं, पण ती परत फिरली नाही. ऑफिसात तिला पाठीमागे गर्दीबाई म्हणत, आणि हल्ली तोंडावरही म्हणू लागले होते. ज्या बाईला लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला की गुदमरतं, तिचा धंदा गर्दी करण्याचा, या विनोदावर तीही सवयीने हसायची. काम समजावून सांगायला सोपं होतं. एखादी साइट उघडण्याआधी तिच्यावर खोटी माणसं सोडायची. हजार, दहा हजार, चाळीस हजार. ती येतात, पानं उघडतात, अर्ज भरतात, निघून जातात. साइट कुठे दमते, कुठे कोसळते, ते आपण टिपून घ्यायचं. या खोट्या माणसांना नावंही असत. ती नावं तीच देई, आणि कुणाला सांगत नसे, पण त्यांतल्या काहींवर तिचा जीव होता. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या चाचणीत ही सगळी मंडळी पहिल्याच मिनिटाला दारात अडकली होती. त्या साइटच्या दारवानाने त्यांना हल्लेखोर समजून सरसकट बाहेर काढलं होतं. सभागृहात बसलेल्या अकरा माणसांसमोर तिचा आलेख जमिनीवर आडवा झाला होता. कुणीतरी म्हणालं होतं, "गर्दी कुठाय, गर्दीबाई?" तो प्रश्न तिला अजून कधी कधी भांडी घासताना ऐकू येई. त्यानंतर तिनेच नियम लिहिला होता : गर्दीसाठी सहा आयपी ॲड्रेस राखीव घ्यायचे, कधी न बदलणारे, दुसऱ्या कुणाच्या वापरात नसलेले. ते आधीच साइटवाल्यांना कळवायचे, आणि त्यांनी दारवानाच्या यादीत चढवायचे, म्हणजे या सहा ठिकाणांहून कितीही माणसं आली तरी विचारपूस न करता आत सोडायची. नियम चांगला होता. दारातच ठेचकाळल्यावर घर किती मजबूत आहे ते कळणार कसं? साइट दमते का हे बघायचं असेल तर दारवानाला बाजूला करावंच लागतं. तो नियम ऑफिसच्या पुस्तिकेत पहिलं कलम म्हणून छापला गेला. चार वर्षांत त्या सहा पत्त्यांवरून तिने एकोणीस साइटी तपासल्या आणि एकोणीस वेळा सही केली. दार मात्र तिने एकदाही तपासलं नव्हतं. चाळीस हजार खोटी माणसं सहा ओळखीच्या तोंडांनी आत जात होती, आणि त्यांच्या जोरावर ती खऱ्या माणसांना सांगत होती, जा, दार उघडं आहे.

हे इतकं उघड होतं की आधी तिला राग आला, मग शरम वाटली, आणि मग तिला आई आठवली. ती अकरा वर्षांची असताना शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती. स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून आई उभी राहायची आणि हिला समोर पाटावर उभं करायची. आईच प्रेक्षक, आईच परीक्षक, आईच घंटा वाजवणारी. दहा दिवस ती रोज भाषण म्हणत होती आणि एकदाही अडली नव्हती. स्पर्धेच्या दिवशी व्यासपीठावर उभी राहिली, चार वाक्यं म्हणाली आणि पाचव्याला समोर बघितलं. तेव्हा तिला कळलं की घरी पाचव्या वाक्याला ती नेहमी आईच्या ओठांकडे बघत असे. आई आवाज न करता ओठ हलवायची. समोर बसलेल्या परीक्षकाचे ओठ मिटलेले होते. त्या मिटलेल्या ओठांवरची बारीक मिशी, वर गरगरणारा पंखा हे सगळं अजून तिच्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं होतं. घरी आल्यावर तिने आईला विचारलं, "तू ओठ का हलवायचीस?" आई खरोखरच चकित झाली होती. "मी? मी कुठे हलवले ओठ?" ती खोटं बोलत नव्हती. तिला माहीतच नव्हतं. प्रेमाने म्हणा, घाईने म्हणा, परीक्षा घेणाऱ्याचे ओठ हलतात आणि त्याचं त्यालाच कळत नाही. आईला तिने केव्हाच माफ केलं होतं. आता प्रश्न असा होता की स्वतःला माफ करायचं की नाही. आणि ऑफिसच्या पायऱ्या चढताना तिच्या मनाने, तिच्याही अपेक्षेबाहेर, नाही असं ठणकावून सांगितलं. माफी कसली मागतेस? आधी बघ तरी दार.

साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि एके काळी तिच्याच हाताखाली शिकला होता. म्हणून तो तिच्याशी बोलताना आवाज जरा जास्तच मऊ करी. तिने सगळं सांगितलं. ती सांगत असताना तो मान हलवत होता, आणि मान हलवता हलवता घड्याळ बघत होता. "मॅडम, पण चाळीस हजार टिकले ना?"

"टिकले. यादीतले होते म्हणून टिकले."

"आपलं काम साइट तपासायचं. दारवान त्यांचा, तो त्यांनी बघावा."

"दाराबाहेरच्या माणसाला साइट आणि दारवान वेगळे दिसत नाहीत."

"मॅडम," तो हसला, आणि त्या हसण्यात खरा आदर होता, ही अडचणच होती, "तुम्हीच तर मला शिकवलंत. राखीव पत्ते आधी, गर्दी नंतर. पहिलं कलम. तुमचं वाक्य आहे ते."

"माझंच आहे. चुकीचं नाहीये, अर्धं आहे. उरलेलं अर्धं लिहायचं राहिलं."

"मग पुढच्या वेळी लिहू. आज साडेचारला त्यांचा माणूस येतोय, पाचला सही. उद्या दहाला साइट उघडतेय. आत्ता असल्या शंका काढल्या तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तो वाक्यं अशी सोडून देई, म्हणजे समोरच्याला ती स्वतःच्या भीतीने पुरी करता यायची. एरवी तिने ती केलीही असती. तिच्याजवळ भीतीचा साठा भरपूर होता. निवृत्तीला सव्वादोन वर्षं, गुडघे, भाषणाचं पाचवं वाक्य. आज मात्र ते अर्धं वाक्य तिने तसंच लोंबकळत राहू दिलं.

मग आपल्या जागेवर येऊन तिने नगरपालिकेकडच्या माणसाला फोन लावला. नगरपालिकेच्या साइटचा दारवान जो सांभाळतो, त्याचं नाव तिने मनात कुलूपवाला ठेवलं होतं. "ते सहा पत्ते यादीतून काढा आणि मला पुन्हा एकदा चाचणी करू द्या," ती म्हणाली. कुलूपवाला आधी हसला, मग गंभीर झाला. "अहो, तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच हात जोडून चढवायला लावलेत. आता काढा म्हणता. यादीत बदल करायचा तर तिघांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एक रजेवर आहे." तिने ग्रंथालयाचं सांगितलं. तो म्हणाला, "किरकोळ आहे ते. घरून भरतील लोक." घरं नसलेल्यांसाठीच्या घरांचा अर्ज लोकांनी घरून भरावा, हे वाक्य आपण काय बोललो ते कळायच्या आत त्याने बोलून टाकलं होतं. तिनेही त्याला ते दाखवून दिलं नाही. तिने फक्त विचारलं, "चाचणीची वेळ आज चारपर्यंत आहे ना माझी?" तो म्हणाला, "आहे की. हवी तेवढी गर्दी करा." "बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एका हाताने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली आहे. तिने एकेक बोट सोडवलं.

तीन वाजता ताईचा फोन आला. धाकटीला दुपारी फोन करायचा हा ताईचा वर्षानुवर्षांचा रिवाज. कपडे उसवून-शिवून द्यायचं तिचं दुकान दुपारी रिकामं असे, आणि रिकामं बसणं तिला जमत नसे. "काय गं, आवाज का असा?" हिने थोडक्यात सांगितलं. ताईला सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण सही म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. "तू लहानपणापासून अश्शीच," ताई म्हणाली. "घास तोंडाशी आला की त्यात केस शोधायचा. कर ना सही एकदाची आणि ये घरी." "ताई, केस आहे गं खरंच." "मग काढून टाक आणि खा. आख्खं ताट कशाला भिरकावतेस?" "एकोणीस ताटांत आहे. मीच वाढलेल्या." पलीकडे शिवणयंत्राचं चाक उगाचच एकदा फिरल्याचा आवाज आला. ताई विचार करत असली की ते फिरवी. "ऐक," ती शेवटी म्हणाली. "परवा एका गिऱ्हाइकाची पँट मी आखूड केली. मापाला कोण उभा राहिला होता? त्याचा भाऊ. म्हणे, आम्ही दोघं सारखेच. नेली घरी, तर घोट्याच्या वर. आणून टाकली माझ्यापुढे. मी काय म्हणाले असेन?" "भाऊ सारखा नव्हता म्हणून सांगितलं असशील." "छे! म्हणाले, चूक माझी, माप ज्याचं त्याचंच घ्यायला हवं होतं. तो एवढा मोठा आवाज काढून आला होता, गप्पच झाला बिचारा. चूक आपणच बोलून टाकली की पुढच्याला ओरडायला काही उरत नाही." थोडं थांबून ताईने पुस्ती जोडली, "पण तुला काढून टाकलंच तर माझ्या दुकानात बसायचं नाही हां. तुला बटण लावायला दिलं तर तू भोकंच मोजत बसशील." ती हसली. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

पावणेचारला तिने कामाला हात घातला. सहा राखीव पत्त्यांच्या यंत्रांना तिने शिवलंही नाही. टेबलावरचा आपला साधा संगणक, ऑफिसची साधी जोडणी, जिच्यावरून सगळे पत्रं पाठवत, बातम्या वाचत, कुणाला दिसणार नाही अशा बेताने क्रिकेटचा स्कोअर बघत. एकच पत्ता, कुठल्याही यादीत नसलेला. चाळीस हजार नकोत. तिने तीस हा आकडा लिहिला, आणि तो लिहिताना तिला विचित्र वाटलं, कारण इतकी छोटी गर्दी तिने आयुष्यात केली नव्हती. लग्नाला इतकीच माणसं आली तर यजमान तोंड लपवेल. चाचणीसाठी त्या साइटची एक जुळी बहीण बाजूला ठेवलेली होती, म्हणजे खऱ्या साइटवर नावनोंदणी करणाऱ्यांना त्रास होऊ नये. दारवान मात्र दोघींना एकच होता. आपण नक्की काय करतोय, असा प्रश्न तिने स्वतःला शेवटचा विचारला. हे सिद्ध झालं तर माझी एकोणीस पानं खोटी ठरतील. सिद्ध नाही झालं तर मी एक भित्री, निवृत्तीला आलेली, शंकेखोर बाई ठरेन. दोन्हींतलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही म्हणूनच तिला एकदम मोकळं वाटलं. दोन्हीकडून नुकसानच असेल तर माणसाने निदान खरं काय ते बघून घ्यावं. तिने कळ दाबली. एक आत गेला. दुसरा गेला. सात, अकरा, सोळा. पडद्यावर हिरवे ठिपके एकाखाली एक उमटत होते. एकोणीसपर्यंत आल्यावर, हे चालतंय की, आपलंच चुकलं असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यातली निराशा तिलाच ओशाळं करून गेली. वीस. एकवीस. बाविसावा ठिपका लाल झाला. मग तेविसावा, आणि मग तिसापर्यंत सरळ लाल रेघ. तिने घड्याळ बघितलं. सगळं मिळून त्रेचाळीस सेकंद लागले होते.

साडेचारला सभेच्या खोलीत कुलूपवाला येऊन बसला. फोनवरच्या आवाजावरून वाटे त्यापेक्षा तो बराच तरुण आणि थकलेला होता. साहेबाने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर साइट उघडली, म्हणजे उघडायला गेला. नऊ चित्रं आली. पूल ओळखा. साहेबाने हसून ओळखले. मग रहदारीचे दिवे आले. मग करडी ओळ. त्याने पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. कुलूपवाल्याने आपला फोन काढला, पण तोही ऑफिसच्याच वायफायला जोडलेला होता, त्यालाही करडी ओळच आली. ज्याने कुलूप लावलं तोच आपल्या दारात उभा होता, आणि त्याला कुणी ओळखत नव्हतं. "बंद पडली की काय?" साहेबाचा मऊपणा कुठल्या कुठे गेला.

"साइट उत्तम चालू आहे," ती म्हणाली. "आपल्याला माणूस म्हणायला तयार नाहीये, एवढंच. पावणेपाचला उघडेल."

"काय केलंत तुम्ही?"

"गर्दी केली. परवानगी होती चारपर्यंत."

"किती माणसं?" कुलूपवाल्याने विचारलं.

"तीस. एकवीस आत गेली."

वातानुकूलनाच्या जाळीतून एक बारीक शिट्टी येत होती, ती आजपर्यंत तिने कधी ऐकली नव्हती. उभी होती तशीच ती बोलू लागली, आणि समोर बघण्याऐवजी पडद्यावरच्या करड्या ओळीकडे बघत बोलली. ग्रंथालय, वसतिगृह, कामगारांच्या राहण्याच्या जागा, जिथे जिथे पन्नास माणसांना मिळून एक जोडणी असते. मोबाईलवाल्यांचंही तेच, तिथेही कंपनी कित्येकांना एकाच पत्त्यामागून बाहेर सोडते. स्वतंत्र घर, स्वतंत्र जोडणी ज्यांच्याकडे आहे ते उद्या दहाला झरझर आत जातील, आणि ज्यांना घर हवंय ते धुराडी मोजत बसतील. हे सगळं तिने न अडखळता सांगितलं असं नाही. दोनदा अडखळली. पण अडखळल्यावर तिने कुणाच्याही ओठांकडे बघितलं नाही. कुलूपवाला खाली मान घालून ऐकत होता. मग तो आपणहून म्हणाला, "बावीसचा आकडा मीच ठेवलाय. अंदाजाने ठेवला होता." पुढच्या पंधरा मिनिटांत त्याने बाहेर जाऊन चार फोन केले, आणि परत येऊन सांगितलं की घरांचे अर्ज दोन दिवस पुढे ढकललेत, तेवढ्यात तो दारवानाची मोजणी बदलेल, आणि शुक्रवारी तिने यादीबाहेरून पुन्हा गर्दी करून बघावी. "ग्रंथालयात बसून करा हवी तर," तो म्हणाला. हे तो थट्टेने म्हणाला की खरंच, ते तिला कळलं नाही.

कुलूपवाला गेल्यावर साहेबाने दार लावून घेतलं. तो आता रागावलेला नव्हता, सुटका झाल्यासारखा दिसत होता. "झालं ना तुमच्या मनासारखं? आता अहवाल बदला आणि सही करा." तिने अहवाल आधीच बदलला होता. शेवटच्या पानावर तीन वाक्यं होती. सहा राखीव आयपी ॲड्रेसवरून, दारवानाला बाजूला ठेवून, चाळीस हजार माणसं : साइट टिकते. एका साध्या जोडणीवरून, दारवानासकट, तीस माणसं : बाविसाव्याला दार बंद होते. तिसरं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं : "याआधीच्या एकोणीस अहवालांत दुसरी चाचणी केलेली नाही; ती करणे ही माझी जबाबदारी होती." त्याने कागद खाली ठेवला. "हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"खरं असेल हो. पण या साइटचा त्याच्याशी काय संबंध? मॅडम, जे व्हायला हवं होतं ते झालं. उद्याच्या लोकांचं भलं झालं. हे एक वाक्य काढा, तुमचंही भलं होईल. एकोणीस ठिकाणी कोण बघायला जातंय आता?"

"मीही जात नव्हते. म्हणूनच एकोणीस झाली."

"तुमच्या नावावर शिंतोडे उडतील. माझ्या नाही. तुमच्या. लोक विचारतील, चार वर्षं काय बघत होतात?"

प्रश्न बरोबर होता. तिने तो दुपारी बारा दहापासून स्वतःला किती वेळा विचारला होता याची गणती नव्हती, आणि उत्तर काही फार चांगलं सापडलं नव्हतं. चार वर्षं मी घर बघत होते. घर मजबूत होतं. मला दारात कुणी अडवलं नाही, म्हणून दार असतं हेच विसरले. हे उत्तर कुणाला पुरेल असं तिला वाटत नव्हतं. तिला ते स्वतःलाही पुरत नव्हतं. त्या एकोणीस साइटींमध्ये एक कॉलेजच्या प्रवेशाची होती, एक दवाखान्याच्या वेळा देणारी, एक नोकरीच्या परीक्षेची. तिथे कुठल्या कुठल्या खोल्यांत कोण कोण आपली बोटं पुसत बसलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून उठून गेलं असेल, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. ती माणसं भरून देता येण्यासारखी नव्हती. पण पुढे त्या दारांशी येणाऱ्यांना निदान कळू तरी शकत होतं की दार बंद आहे, बोटं स्वच्छ आहेत. "विचारू देत," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच थोडा मोठा वाटला, पण तिने तो कमी केला नाही. "आजवर मला कुणी विचारलंच नाही, हीच तर भानगड आहे."

साहेबाने कागद तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मी या पानावर सही करणार नाही."

"तुमची लागतच नाही. खाली जागा एकाच सहीची आहे."

तिने उभ्याउभ्याच सही केली. एरवी ती सही बारीक, पानाच्या कोपऱ्यात लपवल्यासारखी करी. आजची काही मोठी झाली नाही, पण पेन जरा जोरात टेकलं आणि अक्षर मागच्या कागदावर उठलं. जागेवर येऊन तिने अहवाल नगरपालिकेला पाठवला. मग त्या एकोणीस साइटवाल्यांचे पत्ते एकेक करून लिहिले, यादीतून एकदम न निवडता, प्रत्येक नाव हाताने, आणि त्यांनाही तेच शेवटचं पान धाडलं. शेवटचं पत्र गेलं तेव्हा साडेपाचला चार मिनिटं कमी होती. आजूबाजूची माणसं पिशव्या उचलत होती. साहेबाच्या खोलीचं दार बंद होतं आणि काचेआड तो कुणाशी तरी फोनवर बोलत, मोकळा हात हवेत हलवत होता. उद्या आपली खुर्ची कुठे असेल याचा तिने विचार करून बघितला, पण तिच्या डोळ्यांसमोर कुठलंच चित्र उभं राहिलं नाही, आणि ते उभं राहावं म्हणून तिने जोरही केला नाही. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आकडा तिच्या ओळखीचा होता, दवाखान्याच्या साइटवाल्यांचा. बाकीच्यांनी माना वळवल्या. एरवी ती फोन तीन-चारदा वाजू द्यायची, कपाळ पुसायची, काय बोलायचं ते आधी मनात म्हणून बघायची. आज तिने दुसरी घंटा होऊ दिली नाही.

"अहो, हे तुमचं काय पत्र आलंय?" पलीकडून चढलेला आवाज आला. "चार वर्षांपूर्वी तुम्हीच लिहून दिलं होतंत ना, सगळं ठीक आहे म्हणून?"

"हो, मीच," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून नीट बसली. "विचारा."